परगावचं धरायचं नाही

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की माझी आई गोड बोलायला लागायची. एरवी तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, त्यातून चौथीचा वर्ग, आवाज असा खणखणीत की ती अंगणातून मला हाक मारायची आणि समोरच्या बिल्डिंगमधली मुलं अभ्यासाला बसायची. पण शनिवारी सकाळी हीच बाई पदर खोचून, केस चापूनचोपून बसवून, तोंडावर खोटंखोटं हसू आणून घराबाहेर पडायची. कशासाठी? तर महिनाभरात ज्यांच्या ज्यांच्याशी भांडण झालं असेल त्यांच्याशी गोडी करून यायला.

कारण असं, की नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचा इवलासा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट घेऊन प्रभूच्या मरणाची आठवण करायची, असा तो विधी. आणि तो रस माझी आई घरी करायची. आमच्या चर्चमध्ये दारू चालत नाही, त्यामुळे रस साधा, न आंबवलेला. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून आम्ही वर्षाचे आठ-नऊ महिने मनुकांवर काढायचो, कारण ताजी काळी द्राक्षं काय, माघ-फाल्गुनात येणार आणि जाणार. शुक्रवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी दुपारी हाताने कुस्करून उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. कुस्करताना हात हलका हवा. बी चिरडलं की रस कडवट होतो.

ही सेवा तिच्याकडे माझ्या आजीकडून, म्हणजे तिच्या आईकडून आली होती आणि तिच्याबरोबर आजीचा एक नियमही आला होता. रस करणाऱ्या बाईच्या मनात कुणाबद्दल अढी नको. असेल तर आधी त्या माणसाच्या दाराशी जायचं, मिटवायचं, मगच चूल पेटवायची. आजीने हे शास्त्रातूनच घेतलं होतं. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाचं माझ्याशी बिनसलंय, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभूने सांगितलंय ना, तेच. बाकीची मंडळी ते वचन ऐकून मान डोलवायची. आमच्या घरी मात्र ते स्वयंपाकघरात लागू होतं.

आता आईचा स्वभाव बघता ही यादी काही लहान नसायची. पहिला मुक्काम कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे. ती हरसूलकडची, दर दोन दिवसांनी टोपली घेऊन यायची आणि मेथीच्या जुडीवरून दोघींची जुंपायची. शनिवारी आई तिच्यापुढे उकिडवी बसून म्हणायची, "परवा मी जरा जास्तच बोलले गं."

ती हसून म्हणायची, "बाई, आज लय गोड बोलता. उद्या तुमचं ते चर्चाचं जेवण दिसतंय."

"हो."

"मंग घ्या की जुडी. आज घासाघीस नाय करायची."

आणि आई निमूट सांगेल तो भाव देऊन जुडी घ्यायची. मग दूधवाला, मग शाळेतल्या सहकारी बाई, आणि शेवटी शेजारच्या काकू. या काकूंचे मिस्टर बँकेत, घरात सोवळंओवळं कडक, बाई मात्र महा चलाख. त्या आपल्या सगळ्या तक्रारी शनिवारसाठी जपून ठेवायच्या. तुमच्या पेरूच्या फांद्या आमच्या बाजूला येतात, तुमची मुलगी रेडिओ मोठ्याने लावते, असं एकेक काढायच्या आणि आई मान खाली घालून "चुकलंच हो" म्हणायची. पण एकदा काकूच मला म्हणाल्या होत्या, "आमचं सोवळं अंगावरच्या कपड्यांचं. तुझ्या आईचं मनाचं सोवळं. हे जास्त अवघड बाई, वाळत घालता येत नाही."

पप्पा या सगळ्याला नगरप्रदक्षिणा म्हणायचे. "निघाली का स्वारी?" असं विचारून ते पेपरात तोंड खुपसायचे. आई तोंड उघडणार, तेवढ्यात तिला आठवायचं की आज शनिवार, आणि ती दात-ओठ आवळून चपला घालायची. आम्ही दोघं मागे पोट धरून हसायचो.

पण एक सांगते. हसायचो तरी मला आतून तिचा अभिमान वाटायचा. चर्चमध्ये आईला दुसरं काही येत नव्हतं. गळा असा की गायनमंडळाने हात जोडलेले. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितलं तर चौथीच्या वर्गापुढे गरजणारी ही बाई पार गप्प व्हायची. रस ही तिची उपासना होती. रविवारी लहान लहान पेल्यांचा ट्रे बाकांमधून फिरायला लागला की ती मान ताठ करून बसायची आणि तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर काही वेगळंच दिसायचं.

या सगळ्या हिशेबात एकच माणूस बसत नव्हतं. माझी मावशी.

मावशी आईची धाकटी बहीण, मनमाडला राहायची. काका रेल्वेत, त्यामुळे क्वार्टर, दारात दोन शेवग्याची झाडं आणि दिवसभर गाड्यांच्या शिट्ट्या. लहानपणी माझी प्रत्येक सुट्टी तिथे गेली. नव्वदच्या दशकात केव्हातरी मावशीने आपलं जुनं चर्च सोडलं आणि एका नव्या मंडळीत जायला लागली. तिथे बाक नव्हते, सतरंज्या होत्या. पेटीऐवजी गिटार आणि ढोलक. टाळ्या वाजवायच्या, हात वर करायचे, हालेलूया म्हणायचं, डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्यायचं. मावशी मुळातच हसरी, नाचरी. तिला ते मानवलं.

आईला नाही मानवलं. तरी ती गप्प होती. पण आजीच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्याकडे त्याला स्मरणार्थ प्रार्थना म्हणतात, सगळे आमच्या घरी जमले. आईने आजीचं आवडतं जुनं गीत काढलं होतं. पेटीवर ते संथ, ओढत ओढत सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला मावशीने टाळ्या धरल्या. लय वाढवली. पेटीवाले बिचारे गोंधळून कधी हिच्या मागे, कधी तिच्या मागे. आईने गाणं थांबवलं.

"आईच्या प्रार्थनेत टाळ्या? काय तमाशा मांडलायस?"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. ती म्हणाली, "तमाशा नाही ताई, उपासना आहे. तुमच्या रडगाण्यात जीव तरी आहे का? मेलेली उपासना आहे ही."

"मेलेली? हीच उपासना करत आपली आई गेली!"

"म्हणून तर सांगते."

नको ते बोलली, आणि ते तिला बोलताक्षणी कळलंही असावं. पण शब्द गेला तो गेला. मावशी जेवायला थांबली नाही. पुलावाचं पातेलं तसंच राहिलं, दोन दिवस आम्ही तोच पुलाव खाल्ला.

पुढच्या पहिल्या शनिवारी मी वाट बघत होते, आई मनमाडला जाणार म्हणून. माझी तर चप्पलही घालून झाली होती. आई भाजीवालीकडे गेली, दूधवाल्याकडे गेली, काकूंकडे गेली, घरी येऊन तिने सरळ गॅस पेटवला.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"ती मनमाडला आहे."

"मग?"

"परगावचं धरायचं नाही. आई म्हणायची तसं."

पप्पांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर केला. आजीने असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. पण आजीचे नियम आईला ठाऊक, मी कोण वाद घालणार? तर असा आमच्या मनाच्या सोवळ्याला मनमाडच्या अलीकडे एक जकात नाका बसला, आणि सहा-सात वर्षं तो तिथेच राहिला. नाताळला कार्ड यायचं, ईस्टरला जायचं. खाली सही, बाकी कोरं.

दोन हजार साल उजाडल्यावर काका निवृत्त झाले. आणि एके दिवशी पप्पा बाहेरून बातमी घेऊन आले, की मावशीने नाशिकरोडला फ्लॅट घेतलाय, सामानही आलंय.

आई चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"नाशिकरोडला?"

"नाशिकरोडला," पप्पा म्हणाले. "आता काय करायचं?"

"नाशिकरोड काय नाशिक आहे का?" आई म्हणाली. "वेगळं स्टेशन, वेगळं पोस्ट."

"महापालिका एकच आहे. तुझा पगार तिथूनच होतो."

आईने पुढची चपाती अशी लाटली की तिला चारही बाजूंनी कोपरे आले.

तो महिना आमच्या घरात फार विचित्र गेला. आई नेहमीपेक्षा कमी भांडली, तेवढ्यानेच मला धडकी भरली. त्यात चर्चचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, "बाई, आता बाजारात रस तयार बाटलीत मिळतो. तुम्हाला होत नसेल तर सांगा, उगाच दगदग नको." त्यांना काहीच माहीत नव्हतं, बिचारे आपले सहज बोलले. पण ते गेल्यावर आई कितीतरी वेळ ओट्याशी नुसती उभी होती. मला तेव्हा कळलं की हे भांडण आता दोन बहिणींपुरतं राहिलेलं नाही. मावशीकडे गेली नाही, तर नियमाप्रमाणे रस सोडावा लागणार. आणि रस सोडला, तर चर्चमध्ये तिच्या हातात उरणार काय?

त्याच सुमारास पाळक साहेबांनी विहिरीवरच्या बाईवर उपदेश केला. ती बाई प्रभूला विचारते, आमचे लोक या डोंगरावर उपासना करतात, तुमचे म्हणतात यरुशलेमेतच करायची, मग खरं ठिकाण कुठलं? आणि प्रभू म्हणतो, ना या डोंगरावर, ना त्या शहरात, खरी उपासना आत्म्याने आणि खरेपणाने होते. पप्पा आईकडे झुकून हळूच म्हणाले, "ना शरणपूर रोडला, ना नाशिकरोडला." आईने त्यांना कोपर मारलं. चर्चमध्ये, उपदेश चालू असताना! मागच्या बाकावरच्यांनी बघितलं.

शुक्रवारी तिने मनुका भिजत घातल्या. शनिवारी प्रदक्षिणा झाली. दुपार झाली. मनुका टम्म फुगल्या होत्या, आणि आई पाटावर त्यांच्यापुढे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तीन वाजले, साडेतीन झाले. मी दोनदा चहा विचारला. शेवटी ती उठली, सगळ्या मनुका पाण्यासकट मोठ्या डब्यात ओतल्या, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "चल."

"कुठे?" मला कळलं होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"प्रश्न विचारू नकोस. फडकं घे."

शालिमारला आम्ही सिटी बस पकडली. झाकण नीट बसलं नव्हतं. द्वारका चौक येईपर्यंत आईच्या मांडीवर काळपट लाल डाग पडला आणि एक ओघळ कंडक्टरच्या बुटापर्यंत गेला. तो ओरडायला लागला. आई चवताळून उठली, मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच खाली बसली आणि म्हणाली, "माफ करा हो दादा. आज जमेल तेवढं सगळं मिटवायचंय." पुढच्या स्टॉपला कंडक्टरने तिला पिशवी आणून दिली.

मावशीचा फ्लॅट शोधायला पत्ता विचारावा लागलाच नाही. खालपर्यंत ढोलक ऐकू येत होता. दार उघडंच होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत खोलीभर माणसं सतरंजीवर, डोळे मिटलेले, हात वर, आणि मधोमध माझी मावशी. केस पांढरे झाले होते. ती गात होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मला वाटलं, आता आई वळणार. पण आई उंबऱ्यात उभी राहिली, ठिबकणारा डबा छातीशी धरून. एका मुलीने सरकून जागा केली, "प्रेज द लॉर्ड, आंटी." आईने तिला मान लववून "सलाम" म्हटलं, आमच्या पद्धतीने, आणि उभीच राहिली. गाणं काही संपेना. ती मंडळी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात. तेवढा वेळ आई मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होती. तमाशा बघणारी नजर नव्हती ती.

मावशीने डोळे उघडले. आधी आई दिसली, मग डबा, मग साडीवरचा डाग. ती भर गाण्यातून उठली, माणसांवरून वाट काढत आली आणि आईचं मनगट धरून तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी मागे.

"मी माफी मागायला आलेले नाही," आई म्हणाली.

"मग कशाला आलीस?"

"रस करायला."

मावशीने डब्यात बघितलं. "उशीर झालाय. आंबट होतील." आणि ओट्यावर पातेलं ठेवलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून मनुका कुस्करायला लागल्या. बाहेर ढोलक चालू होता. मी फडकं धरून उभी.

मग मावशी म्हणाली, "मनमाडला का नाही आलीस?"

"परगावचं धरायचं नाही. आई म्हणायची."

मावशीचे हात थांबले. "आई असं कधी म्हणाली?"

आईने आणखी एक मूठ मनुका उचलली.

"ताई, आई मला घेऊन एसटीने येवल्याला गेली होती. आत्याशी मिटवायला. तुझी शाळा होती म्हणून तू नव्हतीस. भर उन्हात आत्याच्या दारात उभी राहिली, आत्याने पाणीसुद्धा विचारलं नाही, तरी बोलून आली. त्या रात्री उशिरा रस झाला. परगावचं धरायचं नाही म्हणे!"

आईची मान खाली गेली ती गेलीच. पातेल्यात बघत ती म्हणाली, "मीच केलं ते. मला यायचं नव्हतं. तू म्हणालीस मेलेली उपासना. आणि खरंच होतं गं. तुझ्यावर रुसून रस करत होते, म्हणजे मेलेलीच की."

मला वाटलं मावशी आता तिला जवळ घेईल. तिने नाही घेतलं. ती कुस्करत राहिली आणि खाली बघूनच म्हणाली, "मी तर घेतलंच नाही."

"काय नाही घेतलंस?"

"प्रभुभोजन. आमच्याकडेही पहिल्याच रविवारी असतं. पेला हातात आला की पुढे द्यायचे. सगळे डोळे मिटून असतात, कुणाला कळत नाही. आईच्या प्रार्थनेत मी काय बोलले ते आठवायचं. तुझ्याकडे येऊन मिटवल्याशिवाय कसं पिऊ? आणि यायची हिंमत होत नव्हती. तू दारातूनच हाकललं असतंस."

आईने ओले, काळे हात तसेच तिच्या गळ्यात टाकले. मावशीचा पांढरा ब्लाउज गेला कामातून. दोघी अशा हुंदके देऊन रडल्या की बाहेरचा ढोलक थांबला आणि कुणीतरी दारातून डोकावून "सिस्टर, प्रार्थना करू का?" असं विचारलं. "नको, गॅस पेटवून दे," मावशी म्हणाली.

रस झाला. थोडाथोडका नाही, दोन बाटल्या. एक आईने फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. दुसरी ओट्यावर ठेवली आणि नाक पुसत म्हणाली, "ही तुमच्या तमाशासाठी." मावशी रडता रडता अशी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चमध्ये ट्रे फिरला. आईची मान त्या दिवशी ताठ नव्हती. तिने पेला घेतला, बराच वेळ हातात धरला, प्याली, आणि सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. नाशिकरोडची उपासना उशिरा सुरू व्हायची आणि संपायची कधी, याचा काही नेम नव्हता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात फोन वाजला. आई ताटावरून उठून धावली. मावशीचा आवाज लांबूनही ऐकू यायचा, त्यामुळे तिचा एकच शब्द आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"प्याले."

आईने फोनशेजारच्या भिंतीला पाठ टेकवली. पलीकडून मावशी पुढे म्हणाली, "पण ताई, जरा कडवट झाला होता हं."

"कडवट? जोर लावून कुस्करत कोण होतं? तूच!" आई ओरडली, तोच चौथीच्या वर्गाचा आवाज, आणि रिसीव्हर कानाला धरून भिंतीलगत घसरत खाली फरशीवर बसली. पदर तोंडाला लावला होता, पण हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. पप्पांनी उठून तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि आम्ही न जेवता तिची वाट बघत बसलो.